नानांच्या नावाचं मीठ

नाना जेवायला बसले की ताटात काय आहे ते बघण्याआधी मीठ मागत. ताटाच्या कडेला चिमूटभर वाढलेलं त्यांना पुरत नसे, वाटी लागे. उजव्या हाताचं बोट जिभेला लावून ओलं करायचं, वाटीत बुडवायचं, चाटायचं आणि मग पहिला घास. जेवण संपेपर्यंत ते बोट तोंडातून वाटीत आणि वाटीतून तोंडात जात राही. वरणावर मीठ, ताकात मीठ, कांद्यावर मीठ, खारवलेल्या शेंगदाण्यांवर पुन्हा मीठ. लोणच्याची फोड खाऊन झाली की बशीत उरलेला खार ते बशी तोंडाला लावून पीत. शेजारच्याला मीठ हवं असेल तर नाना स्वतःचीच वाटी पुढं सरकवत. तिच्यात मिठाचे ओले गोळे झालेले असत. नको म्हणणं कोणाला जमत नसे.

किळस हा शब्द बातमीत येत नाही. इथं लिहायला हरकत नाही.

गेवराईहून उमापूरकडं जाणाऱ्या रस्त्याला आत वळलं की नानांचं गाव. मी एका दैनिकाचा तालुक्याचा वार्ताहर होतो, त्यामुळं नानांच्या बैठकीत जाणं हा कामाचा भाग होता. गोदावरीच्या पाण्यावरची बागायत, तालुक्यात एकदा भोगलेलं पद आणि ते पुन्हा मिळेल ही आशा, एवढ्यावर त्यांचा दरबार भरे. अंगानं भरलेले, मान जवळजवळ नसलेली, डोळे कायम तांबारलेले. बैठकीत आवाज मऊ असे. मोठा आवाज ते घरातल्या माणसांसाठी राखून ठेवत.

त्यांच्याकडं एक गुण होता आणि तो मान्य केला पाहिजे. त्यांना माणसांची नावं पाठ असत. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारे ट्रक गावातून निघत, तेव्हा नाना ट्रकच्या फळीजवळ उभे राहत. वर बसलेल्या प्रत्येक बाईला नावानं हाक मारत, मागं म्हातारीला कोण बघणार, पोरगी कोणत्या वर्गात गेली, असं विचारत. ऐकताना त्यांचे डोळे खरंच भरून येत. मग ते मागं वळून म्हणत, “भानुदास, बघून घे बे.” एवढं झालं की तो विषय त्यांच्यापुरता संपे. भानुदास कधी बघून घेई, बहुतेक वेळा त्यालाही दुसरं काही बघायचं असे.

भानुदास हा त्यांचा माणूस. पन्नाशीचा, काटक, डोक्यावर मळकी टोपी. ग्रामपंचायतीची लहानसहान कामं त्याला नानांमुळं मिळत आणि त्या बदल्यात तो नानांचा हात, पाय, वेळ पडली तर तोंडही असे. नानांचं एक ठरलेलं वाक्य होतं, “आपली माणसं कशाला हायेत?” आधी मला ते प्रेमाचं वाक्य वाटलं. नंतर कळलं की ती त्यांची काम करण्याची पद्धत होती. नानांच्या वाटचं जे काही त्रासाचं असेल ते दुसऱ्या कोणीतरी सोसायचं आणि त्याचं फळ नानांना मिळायचं. गावाला त्यात काही वावगं दिसत नसे, कारण गावात नवस असेच फेडले जात. पहिल्या निवडणुकीत नानांनी उभं राहायचं, भानुदासनं डोकं भादरायचं आणि नानांच्या पत्नीनं, माईंनी, निकालापर्यंत अनवाणी चालायचं असं ठरलं होतं. ती निवडणूक उन्हाळ्यात होती. बाहेरगावचे पुढारी घरी आले की नाना आतून माईंना बोलावत.

“दाखव गं पाय.”

माई लुगडं वीतभर वर धरून तळवे दाखवत. पुढारी हळहळत. नाना मान डोलवत आणि ओलं बोट मिठात बुडवत.

ती निवडणूक नाना जिंकले. पुढची हरले. तेव्हाही माई अनवाणी होत्या. हरण्याचं कारण शोधायला बैठक बसली, त्यात नातलगांपैकी कोणीतरी सांगितलं की माई एकदा मोरीत ओलं होतं म्हणून चपला घालून गेल्या होत्या. नाना त्यावर काही बोलले नाहीत. ते बरेच दिवस माईंशीच बोलले नाहीत. पुढं जे झालं ते समजायला ही मोरीतली चप्पल लक्षात ठेवावी लागते. माई ती कधी विसरल्या नाहीत.

नानांचा रक्तदाब एका रस्त्याच्या उद्घाटनात उघडा पडला. माइकसमोर बोलता बोलता त्यांनी खांब धरला आणि खाली बसले. गेवराईच्या डॉक्टरांकडं नेलं तेव्हा तपासणीच्या खोलीत मावतील तेवढी माणसं आत शिरली. आम्हा वार्ताहरांनाही कोणी अडवलं नाही. नानांना एकट्यानं काही करायची सवय नव्हती. तपासणीही त्यांनी सभेत असल्यासारखी करून घेतली. डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा वाचला, पुन्हा बांधला, पुन्हा वाचला. मग शांतपणे बोलले. दिवसभराच्या सगळ्या जेवणात मिळून एक छोटा चमचा मीठ, त्याहून जास्त नाही. वरून मीठ घ्यायचं बंद. लोणचं, पापड, खारे दाणे, फरसाण बंद. भाज्या, डाळी, फळं वाढवायची. तंबाखू आणि दारू सोडायची. रोज घाम येईपर्यंत चालायचं, वेळेवर झोपायचं, चिडचिड कमी करायची. एक गोळी रोज, आणि बरं वाटलं म्हणून ती आपल्या मनानं थांबवायची नाही. एवढं केलं तर काळजीचं कारण नव्हतं.

“हा आजार तुमच्या हातात आहे, नाना,” डॉक्टर म्हणाले.

नानांनी आपल्या माणसांकडं बघितलं.

माई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, मीठ किती दिस सोडावं लागंल. डॉक्टर म्हणाले, सोडायचं नाही, कमी करायचं, पण कायमचं. माई म्हणाल्या, “मी सोडते.” डॉक्टर हसले. नवऱ्याला साथ द्यायची म्हणून बाई असं म्हणतेय असं त्यांना वाटलं असणार. घरातल्या सगळ्यांनीच कमी केलं तर चांगलंच, असं बोलून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. गावात पोहोचेपर्यंत त्या वाक्याचं डॉक्टरांनी माईंना व्रत दिलं असं झालं होतं.

त्या संध्याकाळपासून माईंनी मीठ सोडलं. नानांच्या नावानं सोडलं, नानांच्या बदली सोडलं. सोमवारचं अळणी करणाऱ्या बाया गावात पुष्कळ होत्या, कायमचं अळणी कोणी केलं नव्हतं. आठवड्याभरात वेशीवर फ्लेक्स लागला. वर नानांचा हात जोडलेला फोटो, खाली लहान गोलात माई आणि मजकूर, “नानासाहेबांच्या आरोग्यासाठी माईसाहेबांचा मीठत्याग.” खाली शुभेच्छुकांची नावं. फ्लेक्सखाली भजीचा गाडा होता. नाना तिथं गाडी थांबवत, खिडकीतून हात बाहेर काढून भज्यांवर मीठ भुरभुरवून घेत आणि फ्लेक्सकडं बघत खात. हे मी पाहिलं आहे.

चालण्याचंही पालन झालं. सकाळी नानांची गाडी वाड्यावस्त्यांच्या रस्त्याला लागे. पुढं नाना बसलेले, मांडीवर खाऱ्या दाण्यांचा कागद. गाडी माणसाच्या चालीनं सोडलेली असे आणि तिच्या दोन्ही बाजूंना भानुदास आणि इतर मंडळी झपाझप चालत. घाम आला पाहिजे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नाना मधूनच काच खाली करून विचारत, “आला का घाम?” कोणीतरी टोपी काढून कपाळ दाखवी. मग हमरस्त्यावरच्या हॉटेलात सगळ्यांना मिसळ. तर्रीचा लाल थर नाना चमच्यानं आधी काढून पीत आणि ओठ पुसून म्हणत, “लई चालणं झालं आज.”

भानुदास मात्र त्या वर्षात बराच उतरला. त्याची प्रकृती इतकी चांगली कधी नव्हती, असं तोच सांगे.

नानांच्या वाढदिवसाला आरोग्य शिबिर भरलं. मंडप, माइक, रक्तदाब मोजायचं यंत्र, फोटोवाले. पहिली तपासणी नानांची असं जाहीर झालं. नाना खुर्चीत बसले, बाही वर केली. नर्स पट्टा घेऊन पुढं आली, तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला मी जवळून बघितला. त्यांनी हात मागं घेतला, मोबाइल कानाला लावला आणि फोन न वाजताच बोलायला लागले. बोलता बोलता बोटानं खूण केली. “भानुदास, बस बे.” भानुदास बसला. पट्टा त्याच्या दंडाला बांधला गेला. नर्सनं आकडा सांगितला आणि माइकवाल्यानं तो चढ्या आवाजात सांगितला, नानासाहेबांचा रक्तदाब एकदम नॉर्मल. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दोन पत्रांत तो आकडा छापून आला, फोटोत दंड तेवढा दिसत होता.

मला आठवतं ते वेगळंच. टाळ्या वाजल्या तेव्हा नानांनीही टाळ्या वाजवल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरची सुटका खरी होती. आपला रक्तदाब उतरला असं त्यांना मनापासून वाटलं. त्या दुपारी त्यांनी मटणाच्या रश्श्याच्या वाट्यांमागून वाट्या रिचवल्या.

एकदाच ते याविषयी बोलले. केजच्या एका लग्नाहून परत येत होतो, गाडीत आम्ही दोघं आणि ड्रायव्हर. त्यांचं डोकं दुखत होतं, नुसतेच बाहेर बघत होते. मग म्हणाले, आमचे वडील, बापू, बैठकीतच गेले. बोलता बोलता नाकातून रगत आलं, समोरच्या माणसाच्या धोतरावर पडलं. आदल्या दिवशीच डॉक्टरनं त्यांना आकडा सांगितलता.

“आकडा कळला की माणूस मरतं, पत्रकार. मला त्यो नगंच कळायला.”

एवढं बोलून त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि तंबाखूची पिंक टाकली. ती मागच्या काचेवर उडाली. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन ती फडक्यानं पुसली. नाना तोवर झोपले होते. त्यांच्याविषयी कणव वाटण्याचा एवढाच प्रसंग माझ्या वाट्याला आला आणि तो काच पुसून होईपर्यंतच टिकला.

घरात या सगळ्याला विरोध करणारी एकच व्यक्ती होती, सून वैशाली. ती केजची. तिच्या वडिलांचं तिथं औषधांचं दुकान, आणि तीही फार्मसी शिकलेली. तिनं आधी सरळ मार्ग धरला. सगळ्या घराच्या भाजीतलं मीठ थोडंथोडं उतरवायचं, म्हणजे जिभेला कळणार नाही. काही दिवस कळलं नाही. मग एका दुपारी कळलं. नानांनी ताट भिरकावलं. आमटीचा डाग बैठकीच्या भिंतीवर राहिला, त्यावर नंतर कॅलेंडर लावलं गेलं, पण कॅलेंडर लहान पडे. त्यानंतर स्वयंपाकघरात दोन पातेली झाली. मोठं नानांचं, लहान माईंचं अळणी. माई कोरडी भाकरी आणि अळणी भाजी पाण्याच्या घोटाबरोबर गिळत. त्यांना स्वतःलाही थोडा रक्तदाब होता, लघवी वाढवणारी गोळी चालू होती. वैशालीनं त्यांना अनेकदा सांगितलं की आत्या, या गोळीवर असं मीठ तोडून चालत नाही, शरीराला थोडं लागतंच. माई म्हणत, एवढी शिकली तू, पण व्रत कळंना तुला. रात्री त्यांच्या पोटऱ्यांत गोळे येत. दिवसा त्या हातातलं काम विसरून उभ्या राहत. नातीला दुसऱ्याच नावानं हाक मारत.

नाना पाहुण्यांना सांगत, “आमच्या घरात मीठ बंद हाय.” आणि वाटी जवळ ओढत.

हे असं दोन वर्षं चाललं. व्रत सोडायचं कसं हेही माईंनी ठरवून ठेवलं होतं. ज्याच्या नावानं मीठ सोडलं त्यानं आपल्या हातानं चिमूटभर भरवायचं, मग सुटतं. दुसऱ्या कोणी दिलेलं चालणार नाही. नानांना ते ठाऊक होतं. दिवसभर ज्या माणसाच्या बोटाला मीठ लागलेलं असे, त्याच्याच हातात ते सोडवणं होतं.

वैशाखात माईंना जुलाब सुरू झाले. त्या दिवशी नानांच्या बैठकीत येत्या निवडणुकीची बोलणी होती. आम्हा वार्ताहरांना मागून निवेदन मिळणार होतं, म्हणून मी कोपऱ्यात बसून होतो. बाहेर ऊन, आत कूलरचा आवाज. वैशाली आतल्या दारापाशी आली. नानांनी हात हलवला, म्हणजे नंतर. थोड्या वेळानं ती पुन्हा आली आणि या वेळी गेली नाही. माणसं बोलायची थांबली. नाना नाइलाजानं उठले, बोळात गेले आणि लगेच परत आले. बसले. कोणीतरी विचारलं, काय झालं. नाना म्हणाले, काय न्हाई, उन्हाचं. समोरच्या ताटलीतली कैरीची फोड त्यांनी उचलली, मिठात दाबली, चोखली आणि मतांचा हिशेब पुढं सुरू केला. कैरीचं पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत उतरत होतं.

बोळात काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं.

संध्याकाळी माईंना बीडला एका खाजगी दवाखान्यात नेल्याचा निरोप आला. नानांच्या घरची बातमी म्हणून मीही गेलो. माई कोणाला ओळखत नव्हत्या, दोनदा झटके आले होते. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की अंगातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, फार खाली गेलंय. आधीच कमी, त्यात जुलाब, त्यात नुसतं साधं पाणी पीत राहिल्या. यांचं मीठ कोणी बंद केलं, असं त्यांनी विचारलं. भानुदास अभिमानानं सांगायला लागला, अर्ध्यावर त्याला स्वतःलाच कळलं आणि तो गप्प झाला.

नाना डॉक्टरांच्या जवळ सरकले. आवाज मऊ केला.

“सलाईनमधी मीठ असतं का?”

डॉक्टर म्हणाले, असतं. तेच द्यायचं आहे, पण बेतानं, हळूहळू.

“म्हंजे व्रत मोडलं म्हणायचं का?”

डॉक्टरांनी त्यांच्याकडं बघितलं. मग ते आत निघून गेले. नानांनी तोच प्रश्न माझ्याकडं वळवला, पत्रकार, तुमाला काय वाटतं, सुईतून गेलेलं धरायचं का. त्यांच्या श्वासाला लोणच्याचा वास येत होता.

वैशाली बाकावर बसली होती. तिनं न विचारता सांगितलं आणि ते मी तिच्याच शब्दांत ठेवतो.

“सकाळपासनं मीठ-साखरेचं पाणी घेऊन बसलेते मी. आत्यांनी तोंड उघडलं न्हाई. त्यात मीठ हाय म्हणाल्या. ह्यांनी भरवलं तरच घेईन म्हणाल्या. म्हणून बैठकीत गेलते. म्हणलं, मामा, दोन मिनिटं आत या, चिमूटभर तुमच्या हातानं द्या, मग पुढचं मी बघते. तर मला म्हणले, व्रत सुटल्यावर माझ्या बीपीचं काय?”

तिनं पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली.

“आणि म्हणले, निवडणूक होऊ दे.”

माई दुसऱ्या दिवशी दुपारी गेल्या.

दहावा गोदावरीच्या घाटावर झाला. नदीचं पात्र वाळूउपशानं खणून काढलेलं, खड्ड्यांत हिरवं पाणी साचलेलं. तालुक्यातली माणसं गाड्या भरभरून आली होती. थोरला मुलगा विजय, वैशालीचा नवरा, यानं पिंड ठेवला आणि सगळे मागं उभे राहिले. कावळे समोरच्या लिंबावर होते. एकही खाली येईना. उन्हं चढली. मग नेहमीप्रमाणं माणसं मृताची राहिलेली इच्छा शोधून वचनं द्यायला लागली. विजयनं सांगितलं, नातीचं शिक्षण पुरं करीन. चुलत दिरानं सांगितलं, देवळाचा ओटा बांधू. कावळा येईना. तेव्हा माईंची थोरली जाऊ पुढं आली. तिला ऐकू कमी येई, म्हणून ती मोठ्यानं बोले आणि सगळ्या घाटानं ऐकलं.

“तिचा जीव दुसऱ्या कशात न्हाई. नानाच्या मिठात अडकलाय. आता त्ये कोण बघणार, एवढं सांगा तिला.”

सगळ्यांनी नानांकडं बघितलं. कामाचं एकच वाक्य होतं, मी स्वतः मीठ सोडतो. नानांना ते म्हणायचं होतं का, हे मला सांगता येणार नाही. त्यांचे ओठ हलले. मग त्यांची नजर वैशालीवर गेली.

“सूनबाई, तू म्हण. सांभाळते म्हण.”

वैशाली जागची हलली नाही. तिनं डोक्यावरचा पदरही सारखा केला नाही.

“बीपी तुमचा हाय, मामा. तुमी म्हणा.”

विजय पायाखालच्या वाळूकडं बघत राहिला. नानांचा चेहरा लाल झाला, कानांच्या पाळ्यांपर्यंत. त्या क्षणी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला असता तर काय आकडा आला असता, असा विचार माझ्या मनात आला. ते ओरडणार असं वाटलं, पण समोर तालुका उभा होता. त्यांनी मान फिरवली आणि गर्दीत भानुदासला शोधलं. काही बोलावं लागलं नाही.

भानुदासनं टोपी काढली, हात जोडले.

“माई, नानाच्या वाटचं मीठ आजपसनं म्या सोडलं.”

कोणीतरी सुस्कारा सोडला. माणसं चार पावलं मागं सरली, पिंडाभोवती जागा मोकळी झाली आणि त्याच वेळी एक कावळा खाली उतरला. बायकांनी डोळे पुसले. थोरली जाऊ म्हणाली, बघा, एवढंच पाहिजे होतं तिला. वैशाली एकटीच चढण चढून गाड्यांकडं गेली. ती त्या दिवशी परस्पर केजला गेली आणि मुलीला घेऊन तिथंच राहिली, असं पुढं कळलं.

पंगत गावात, घरासमोरच्या मंडपात बसली. मधल्या जागेवर नाना, त्यांच्या उजव्या हाताला भानुदास. मी समोरच्या रांगेत होतो. वाढपी आला. आपल्याकडं पानावर सगळ्यात आधी मीठ पडतं, तसं तो मीठ वाढत आला. भानुदासनं पत्रावळीवर हात आडवा धरला. आजूबाजूच्या लोकांनी ते बघितलं आणि कौतुकानं माना हलवल्या. वाढपी पुढं सरकला, नानांच्या पानावर चिमूट टाकली आणि निघाला.

नानांनी त्याला थांबवलं. भानुदासच्या रिकाम्या कोपऱ्याकडं बोट केलं आणि म्हणाले, “त्याच्या वाटचं हिकडं टाक.”

वाढप्यानं टाकलं. नानांनी बोट जिभेला लावलं.

त्यानंतर मी त्यांच्याकडं गेलो नाही.